पुळण

सुहासबरोबर कुणाकडे जाणं सोपं होतं. तिथून निघणं महाकठीण. एकदा बसल्या जागी ‘बरंय, येतो’, मग दारात चपला घालताना ‘येतो हं’, मग फाटकापाशी सुरू केलेली स्कूटर बंद करून पुन्हा ‘अच्छा, येतो मग’. यजमान बिचारे दर वेळी ‘या, या’ म्हणत राहत आणि जयू मागच्या सीटवर पर्स कवटाळून आभाळाकडे बघत बसे. रिक्षातून उतरतानासुद्धा हा माणूस रिक्षावाल्याला ‘अच्छा भैया, आते हैं’ म्हणे. तो बुचकळ्यात पडे, की हे काका परत कशाला येणार आहेत. उज्जैनमध्ये तिसरी पिढी, पण निरोप घ्यायची वेळ आली की सुहास हिंदीतही मराठीच बोलायचा. नातेवाइकांत त्यावरून त्याची यथेच्छ चेष्टा होई आणि तो ती हसून घेई.

जयू अगदी उलट. ती मुलींच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेली, आणि दिसेल ते तपासून बघितल्याशिवाय खरं मानायचं नाही हा तिचा बाणा. भाजीवाल्याचा काटा, दुधातलं पाणी, डॉक्टरचं निदान, सगळ्यांवर तिचा शक. नवऱ्यावर मात्र तिने कधी शक घेतला नव्हता. तशी वेळच आली नव्हती.

ती वेळ चैत्रात आली. सुहास रेल्वेतून नुकताच निवृत्त झाला होता. दुपारचं जेवण झालं की ‘जरा चक्कर मारून येतो’ म्हणत तो स्कूटर काढू लागला. सिंहस्थाच्या तयारीने सारं शहर खणून ठेवलेलं, ऊन असं की कावळासुद्धा तारेवर बसेना, आणि ह्याला चक्कर मारायची हौस. नानाखेड्यातल्या त्यांच्या कॉलनीत त्या वेळी सगळे कूलरसमोर झोपलेले असत. जयूही झोपे, म्हणून तिला आधी काही जाणवलं नाही.

मग वॉशिंग मशीनच्या तळाशी वाळू सापडली. माळव्यातली माती काळी. पावसाळ्यात ती चपलेला चिकटून घरभर फिरते, हे जयूला जन्मापासून माहीत. ही वाळू पांढरट होती, जाडसर, आणि चाळून घेतल्यासारखी स्वच्छ. सुहासच्या पँटच्या खिशात दोन गोटेही निघाले, घासून घासून गुळगुळीत झालेले. रस्त्याच्या कामाची असेल वाळू, असं तिने स्वतःला सांगून पाहिलं. पण बशीत घेऊन खिडकीपाशी नेली तर तिच्यात शिंपल्यांचा बारीक चुरा चमकला.

त्याचे शर्टही वाळल्यावर कडक होऊ लागले. पाठीवर पांढऱ्या रेघा उमटत. जयूने एक शर्ट पातेल्यात भिजवला, ते पाणी गाळून स्टीलच्या वाटीत आटवलं आणि तळाशी राहिलं ते बोटावर घेऊन चाखलं. मीठ. घामाचं म्हणावं तर एवढा घाम माणसाला येत नाही.

तिने सरळ विचारलं. सुहास म्हणाला, नदीवर जातो, मंगलनाथच्या देवळाच्या पुढे एक पुळण आहे तिथे.

पुळण. हा शब्द जयूने त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. उज्जैनमध्ये कुणाच्याच तोंडून ऐकला नव्हता. तिची मावसबहीण अहल्या रत्नागिरीला असते, तिला फोन करून विचारलं तेव्हा ती हसली आणि म्हणाली, अगं, समुद्राकाठची वाळू ती पुळण, आमच्याकडे पोरासोरांना ठाऊक असतं. जयूने फोन ठेवला. सुहासचा जन्म रेल्वे कॉलनीतला. समुद्र त्याने पाहिला तो एकदाच, मुंबईच्या एका लग्नाला गेले असताना, चालत्या टॅक्सीतून.

“हा शब्द तुम्हाला कुठे मिळाला?” तिने संध्याकाळी विचारलं.

“ते तसं म्हणतात.”

“ते कोण?”

सुहासने खरोखरच विचार केला. कपाळाला आठ्या पडल्या, ओठ हलले. मग तो ओशाळून म्हणाला, “ओळखीचे आहेत.”

त्या रात्री तो जेवायला बसला नाही. ‘तिकडे झालं’ म्हणाला. जयूने पोळ्या झाकून ठेवल्या आणि ओट्याशी उभी राहून एकटी जेवली. तिच्या मनात सगळा हिशेब जुळला होता: बाई आहे, कोकणातली आहे आणि जेवूही घालते. तिला हसू आलं नाही. एवढ्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच तिला भीती वाटली, की हा माणूस आपल्या हातून जाईल.

दुसऱ्या दिवशी सुहासची स्कूटर वळणावर दिसेनाशी होताच तिने ऑटो केला. मंगलनाथच्या पुढे डांबर संपलं तिथे ऑटो सोडून दिला. साडीवरून तोंडाला उन्हाची ओढणी गुंडाळून ती कापलेल्या गव्हाच्या खुंटांमधून चालत राहिली. पुढे बाभळी, बाभळींच्या पलीकडे उतार, उताराच्या टोकाशी सुहासची स्कूटर. खाली क्षिप्रा होती, चैत्रात असते तशीच: बारीक धार, हिरवट पाणी, काठाला जलकुंभीचा, म्हणजे जलपर्णीचा, चिखल.

फक्त वळणावर तसं नव्हतं. तिथे दोन काळ्या खडकांच्या मधे एक खोबण होती, एखाद्या अंगणाएवढी. आत पांढरी वाळू. पाण्याच्या कडेने गोटे पसरलेले, वरच्या अंगाला मोठे आणि पाण्याकडे बारीक होत गेलेले. जलकुंभीचं एक पान आत शिरलेलं नव्हतं. पाणी निळसर होतं आणि वारा नसताना ते हलत होतं. जरा मागे जाई, गोटे एकमेकांवर घरंगळत, मग पुन्हा वर येई. जयू बाभळीच्या आडोशाला बसली आणि त्या ‘बाई’ची वाट पाहू लागली.

बाई आली नाही. सुहास एकटाच होता. चपला त्याने वाळूच्या काठाशी काढून जोडीने लावून ठेवल्या होत्या. तो एका चपट्या दगडावर बसला होता, पण नदीवर माणूस बसतो तसा ऐसपैस नाही. गुडघे जुळवून, हात मांडीवर, पाठ ताठ. नव्या सोयरिकीच्या घरी बसावं तसा. मधूनच मान डोलावी, मधूनच थोडं हसावं, एकदा तर त्याने हातानेच ‘नको, नको, पुरे’ अशी खूण केली. समोर पाण्याशिवाय काही नव्हतं.

बऱ्याच वेळाने तो उठला. हात जोडले.

“बरंय. येतो.”

मग थांबला. कुणी ‘या’ म्हणावं म्हणून थांबतात तसा. चेहऱ्यावर समाधान पसरलं, त्याने मान लववली आणि चपला पायात घालून तो चढण चढू लागला. तो गेला तशी पाण्याची एक लाट त्या चपट्या दगडापर्यंत आली आणि त्याच्या पावलांच्या खुणा पुसून मागे गेली.

स्कूटरचा आवाज विरल्यावर जयू उठली. एक बाई शेळ्या घेऊन नदीकाठाने येत होती. जयूने तिला विचारलं, की हे इथे रोज येतात का. बाईला त्यात काही विशेष वाटलं नाही. म्हणाली, आम्हीपण बसतो तिथे, सावली असते खडकाची, काही होत नाही. फक्त शेळ्या तिथलं पाणी पीत नाहीत. मग जाता जाता म्हणाली, “भाईसाब अच्छे हैं. बस, जाते बखत पानी से कुछ बोल के जाते हैं. हम तो कुछ नी बोलते, उठे और चल दिए.”

घरी परतताना ऑटोत जयूच्या डोक्यात तेवढंच घोळत राहिलं. आपल्यात कुणी ‘जातो’ म्हणून उठत नाही. जातो म्हणणारा गेलाच, असं लहानपणापासून बजावलेलं. म्हणून ‘येतो’. पण ऐकणाऱ्याने ते शब्दशः धरलं तर? ती स्वतःवरच चिडली. रसायनशास्त्राच्या बाईने असले विचार करायचे म्हणजे कमाल झाली. तरी तो विचार काही केल्या जाईना.

तिने सुहासला फ्रीगंजमधल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मेंदूचा फोटो काढायला लावला, प्रश्न विचारले, आणि माणूस ठणठणीत आहे म्हणून सांगितलं. मग तिने स्कूटरची किल्ली लपवली, तर सुहास भर उन्हात पायीच निघाला. फ्रीगंजच्या पुलावर चक्कर येऊन बसला, आणि एका ऑटोवाल्याने त्याला घरी आणून सोडलं. जयूने त्याच्या कपाळावर ओला पंचा ठेवला आणि त्याच्यापाशी बसून ती रडली.

“मला सही सही सांगा,” ती म्हणाली. “कोण आहेत ते लोक?”

“माहीत नाही गं, खरंच. पण फार चांगले आहेत.”

“आणि तुम्हाला तिथे फार आवडतं.”

“आवडायचा सवालच नाही. मला भीतीच वाटते तिथे,” सुहास म्हणाला. “पण येतो म्हणून सांगून आलोय ना.”

हे तो इतक्या साधेपणाने म्हणाला, की जयूने रडणं थांबवून त्याच्याकडे पाहिलं. मग त्याने पुढचंही सांगितलं. ते म्हणाले होते, सारखी ये-जा कशाला, या वेळी राहायलाच या. आणि हा ‘हो’ म्हणून बसला होता. पलंगाखाली भरलेली पिशवी होती. लुंगी, दोन शर्ट, दाढीचं सामान. ब्लडप्रेशरच्या गोळ्या नव्हत्या. त्या का घेतल्या नाहीत, असं तिने विचारलं तेव्हा तो म्हणाला, तिकडे लागत नाहीत.

कोंडून ठेवावं, तर हा खिडकीतून जाईल. एकट्याला जाऊ द्यावं, तर परत येणार नाही. तिने ठरवलं की आपणच बरोबर जायचं आणि हे तोडून यायचं. सुहासलाही ते पटलं. न कळवता घरी बसणं त्याला बरं वाटत नव्हतं. राहायला जमणार नाही एवढं नीट सांगायचं आणि निघायचं. फक्त निघताना ‘जातो’ म्हणायचं, असं जयूने सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला.

“असं अभद्र कसं बोलू?”

“मग काहीच बोलू नका. उठायचं आणि चालू लागायचं. इथले सगळे तसंच करतात.”

दुसऱ्या दिवशी दुपारी ते दोघे स्कूटरवरून गेले. पिशवी सुहासने पायाशी ठेवली होती. सोडायला तयार नव्हता. उतार उतरून वाळूच्या काठाशी आल्यावर त्याने चपला काढल्या. जयू सँडल काढणार नव्हती. पण वाळूवर पाय टाकायच्या आधी ती वाकली, पट्टा सोडला आणि सँडल त्याच्या चपलांशेजारी लावून ठेवल्या. कुणाच्या घरात पायताण घेऊन शिरायचं कसं?

वाळू गार होती. चैत्रातल्या दुपारी गार. सुहासच्या दगडाशेजारची वाळू हात फिरवून सारखी केल्यासारखी दिसत होती, एका माणसाला बसण्यापुरती. जयू तिथे बसली. खडकांना ओल्या खारेपणाचा वास होता. क्षिप्रेला असा वास नसतो.

“हो, हीच जयू,” सुहास पाण्याकडे बघून म्हणाला. मग ऐकत राहिला. “नको, ती या वेळी चहा घेत नाही.”

जयूने पाण्याकडे पाहिलं. एक लाट आली, फुटली, गेली. दुसरं काही नाही. पण ती गेल्यावर आपण पदर सारखा केला, हे तिच्या ध्यानात आलं.

सुहास खाकरला. रेल्वेत साहेबापुढे रजेचा अर्ज ठेवताना खाकरत असेल तसा. मग म्हणाला, की राहायला जमणार नाही, राग मानू नका, घरी ही एकटी असते.

पाणी मागे गेलं. गोटे घरंगळले. नेहमीच्या जागी पाणी थांबलं नाही. ते जात राहिलं, खडकांच्या टोकापर्यंत, त्याच्याही पलीकडे. ओली वाळू उघडी पडली. ते परत येण्याची दोघंही वाट बघत राहिली. आलं नाही.

“उठा,” जयू म्हणाली.

सुहास उठला. पिशवी हातात लोंबकळती धरून चार पावलं चालला. वाळूच्या काठाशी चपला दिसत होत्या. तिथे तो थबकला.

“असं कसं निघायचं गं?”

“बोलू नका.”

“ते उभे राहिलेत. सोडायला आलेत.”

तिने त्याचा दंड धरून ओढलं. तो हलला नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मागून आवाज आला, खूप लांबून यावा तसा, आणि पाहता पाहता तिच्या घोट्याशी गार पाणी आलं.

पिशवीचा तळ भिजला.

सुहासचे ओठ उघडले. “ये—”

जयूने त्याच्या तोंडावर हात दाबला. तळव्याखाली तो शब्द धडपडत होता.

मग ती वळली. पाण्याकडे तोंड करून, शाळेत हजेरी घ्यायची त्या आवाजात ती म्हणाली,

“हे जातात.”

सगळं थांबलं.

जीभ चावावी असं तिला झालं. आपल्या तोंडाने, आपल्या नवऱ्याबद्दल हे बोललो. आता हा माणूस इथेच कोसळेल, अशी तिची खात्री झाली. तिने डोळे मिटले.

तळव्याखाली सुहासने मोठा श्वास सोडला. तिचा हात बाजूला करून त्याने चपला घातल्या आणि तो चढणीला लागला. ऑफिस सुटल्यावर चालायचा तसा, हलका, मागे न बघता.

पाणी मागे सरकलं.

जयू सँडलचा पट्टा लावायला वाकली. पट्टा लागेना. कपाळाला काहीतरी गार लागलं, तुषार उडावा तसं. ती सरळ झाली.

“येते हं,” ती म्हणाली.

आणि उभी राहिली. आपण काय बोललो हे कळायला तिला क्षणभर लागलं. मागे काहीच वाजलं नाही. वर सुहास स्कूटर सुरू करून तिला हाक मारत होता. कपाळावरून तोंडाला ओढणी घट्ट बांधून ती धावत सुटली.

घरी येईपर्यंत सुहास बोलत होता. रस्त्यांची कामं, पुलावरची गर्दी, शेजारच्या अनसूयाबाईंच्या नातवाचं लग्न. वाटेत त्याने कचोऱ्या बांधून घेतल्या. घरी आल्यावर हातपाय धुऊन तो जेवायलाच बसला, दोनदा वरण मागून घेतलं. पिशवी पाहून त्याला नवल वाटलं. ही कुणी भरली, म्हणत त्याने लुंगी कपाटात ठेवून दिली. जयू त्याच्याकडे बघत राहिली. परत मिळाला, सगळाच्या सगळा परत मिळाला, एवढंच तिला कळत होतं, आणि त्या आनंदात तिला पोळी लाटणं जमेना.

सुहास पाणी प्यायला स्वयंपाकघरात आला. पेला भरता भरता त्याने तिच्याकडे पाहिलं.

“कुणाकडे गेली होतीस?”

“म्हणजे? आताच तर आलो ना आपण.”

“मी दुपारपासून घरीच आहे, जयू.” तो थट्टा करत नव्हता. त्याने पेला न पिता खाली ठेवला. “कुंकू लावलंय तुला. कुठे होतं हळदीकुंकू?”

तिचा हात कपाळाकडे गेला. ती मोरीतल्या आरशासमोर जाऊन उभी राहिली. रोजची टिकली जागेवर होती. तिच्या जरा वर, अनामिकेने टेकवावा तसा, ओल्या वाळूचा गोल ठसा होता. आधी तिला एकदम हायसं वाटलं. आपल्या बोलण्याने काही झालं नाही, कपाळ भरलेलं आहे. मग तिला आठवलं की वाटभर ओढणी ह्याच कपाळावर करकचून बांधलेली होती. ठसा जरासुद्धा फिसकटला नव्हता. अजून ओला होता.

सुहास तिच्या मागे दारात येऊन उभा राहिला.

“मला सांगत का नाहीस? कोण लोक आहेत ते?”

जयूने पुसायला पदराचं टोक उचललं आणि तसंच धरून ठेवलं. किती निगुतीने लावलं होतं. बरोबर मधोमध, एक कण इकडचा तिकडे नाही. इतक्या मायेने तिला कुणी कुंकू लावल्याला कित्येक वर्षं झाली होती.